जुन्या आजारात डिप्रेशन: आपल्या बाबतीत ते नेमकं कशामुळे, हे कसं शोधायचं

"एवढा आजार म्हटल्यावर मन उदास होणारच ना." हे वाक्य पेशंट स्वतः म्हणतो, घरचे म्हणतात, आणि खरं सांगायचं तर बरेच डॉक्टरही मान डोलावतात आणि पुढचा रिपोर्ट उघडतात. वाक्य खोटं नाहीये, पण ते विषयच संपवून टाकतं. उदासीचं कारण कळतंय म्हणून तिच्यावर उपचार नकोत असं कुठंय? पाय कशाने मोडला ते माहीत असलं तरी प्लास्टर घालतातच की.

अजून एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने ६० देशांतल्या जवळपास २ लाख ४५ हजार लोकांची माहिती गोळा केली होती, ती २००७ साली छापून आली. त्यात एक किंवा जास्त जुने आजार असलेल्यांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण साधारण ९ ते २३ टक्के निघालं. आजार नसलेल्यांपेक्षा हे नक्कीच जास्त आहे, पण हाच आकडा उलटा वाचा की, चारातल्या तिघांना किंवा त्याहून जास्त लोकांना आजार असूनसुद्धा डिप्रेशन नव्हतं. नुसत्या आजाराने ते येत असतं तर सगळ्यांनाच आलं असतं. म्हणजे आजाराच्या जोडीला अजून काहीतरी असतं, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं, कुणाची गोळी, कुणाची झोप, कुणाचं दुखणं, कुणाचा एकटेपणा, कुणाचं कर्ज. ते शोधायचं कसं एवढ्यासाठी हे लिहितोय. स्वतःचं स्वतः निदान करून मोकळं व्हा असा याचा अर्थ नाही, डॉक्टरकडे जाताना हातात काहीतरी ठोस असावं म्हणून आहे हे.

आधी हे डिप्रेशनच आहे का ते बघा

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये खास जुने शारीरिक आजार असलेल्यांच्या डिप्रेशनवर गाइडलाइन काढली, आणि त्यात सुरुवात फक्त दोन प्रश्नांनी होते. गेल्या महिन्याभरात उदास, निराश, आता काही खरं नाही असं वारंवार वाटलं का? आणि गेल्या महिन्याभरात कशात रस नाही, काहीही करून बरं वाटत नाही असं वारंवार झालं का? दोन्हीपैकी एकाला जरी "हो" आलं तरी पुढे नीट तपासून घ्यायचं. "हो" म्हणजे डिप्रेशन झालंच असं नाही हं, फक्त दुर्लक्ष करू नका एवढंच.

पुढची पायरी म्हणजे पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली, बऱ्याच दवाखान्यात हीच देतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. १० किंवा वर आले की डॉक्टरशी बोलायलाच हवं असं साधारण धरतात. पण जुना आजार असलेल्याने ही भरताना एक गोम लक्षात ठेवायची, की यातले पाच प्रश्न झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं आणि हालचाल मंदावणं याबद्दल आहेत, आणि डायलिसिसवर असलेल्या किंवा केमो चालू असलेल्या माणसाला हे सगळं तसंही असतं! त्यामुळे नुसत्या एकूण मार्कांवर जाऊ नका. उरलेले चार प्रश्न वेगळे बघा: रस संपणं, उदासी, स्वतःबद्दल अपराधी किंवा निकामी वाटणं, आणि मरणाचे विचार. झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी १९८३ मध्ये हॉस्पिटलमधल्या पेशंटसाठी हॅड्स नावाची वेगळी प्रश्नावली बनवली तीच मुळी याच कारणासाठी, त्यात थकवा-भूक असली शरीराची लक्षणं मुद्दाम घेतलेली नाहीत. आजाराची लक्षणं फार असतील तर डॉक्टरना हिच्याबद्दल विचारू शकता.

घरच्या घरी करायची एक साधी पारखही आहे. शरीराचा त्रास कमी असतो त्या दिवशी काय होतं ते बघा. "करायचंय खूप पण अंगात जीव नाही" हा बहुतेक वेळा आजाराचा थकवा. "अंगात थोडा जीव आलाय पण कशाला करायचं" हे मात्र वेगळं आहे. हा काही पक्का नियम नाही, पण डॉक्टरला सांगायला फार उपयोगी पडतो.

आणि तिसराही प्रकार असतो, त्याला धड नाव नसल्यामुळे लोक तो डिप्रेशनमध्येच टाकतात. रोज शुगर तपासा, टोचा, मोजा, पथ्य पाळा, आणि इतकं करून पुन्हा डॉक्टरची बोलणी खा, याचा जो वीट येतो तो. डायबेटिसच्या बाबतीत याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, माणूस बाकी आयुष्यात हसतोय-खेळतोय पण आजाराचा विषय निघाला की कोसळतो. याच्यावर डिप्रेशनच्या गोळीपेक्षा उपचार सुटसुटीत करून घेणं, नीट समजावून घेणं आणि तेच भोगणाऱ्या लोकांशी बोलणं याचा जास्त उपयोग होतो.

इथेच एक महत्त्वाचं सांगून टाकतो, शेवटी ढकलायला नको. मरणाचे विचार येत असतील, किंवा "गोळ्या घेणंच बंद करावं, आपोआप सुटेन", "इन्सुलिन नाही घेतलं तर काय होईल" असले विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच कुणाला तरी सांगा, घरातलं माणूस, डॉक्टर, तुमच्या भागातली हेल्पलाइन किंवा इमर्जन्सी नंबर, जे पटकन हाताशी असेल ते. उपचार सोडून द्यावेत हा विचारसुद्धा त्याचाच भाग असू शकतो, तो "मी फक्त कंटाळलोय" म्हणून दडवू नका. घरच्यांनीही लक्षात घ्या, जुन्या आजारात घरात औषधांचा साठा असतोच, तेव्हा अशा काळात तो आपल्या ताब्यात ठेवा आणि रोजचा डोस रोज हातात द्या. आणि सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला जागा मिळते.

तारखांचा कागद

हे काम कंटाळवाणं आहे पण माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. एक आडवा कागद घ्या, मधोमध रेघ मारा, रेघेच्या वर आजाराच्या गोष्टी लिहा: निदान कधी, कुठली गोळी कधी सुरू, डोस कधी वाढला, ऑपरेशन, अ‍ॅडमिट, नवीन कॉम्प्लिकेशन. रेघेच्या खाली मनाच्या आणि आयुष्याच्या गोष्टी: झोप कधी बिघडली, रडू कधीपासून येतं, काम कधी सुटलं, कोण गेलं, कोण दुरावलं, पैशाची ओढाताण कधीपासून. तारीख आठवत नसेल तर "पावसाळ्याच्या आसपास" असं लिहिलं तरी चालतं.

आता वरचं आणि खालचं जुळवून बघा. बऱ्याचदा आपण "आजार झाल्यापासून असंच आहे" म्हणत असतो आणि कागदावर दिसतं की आजार सहा वर्षांचा आहे पण मन बिघडलंय गेल्या चार महिन्यांत, आणि त्याच्या थोडंच आधी एक नवीन गोळी आलीय. किंवा गोळीचा काही संबंधच नाही, नोकरी सुटली तेव्हापासून आहे.

गोळ्यांवर आधी संशय घ्या, पण बंद करू नका

संशय घ्यायचा तो यासाठी की गोळीचं कारण निघालं तर ते बाकी कारणांपेक्षा लवकर सुटतं. स्टिरॉइडचं उदाहरण सगळ्यात पक्कं आहे. दमा, संधिवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), किडनीचे काही आजार, सगळीकडे ती देतात आणि ती मूड दोन्हीकडे नेऊ शकते, आधी उगाच उत्साह-चिडचिड-झोप गायब आणि मग धाडकन खाली. डोसाशी थेट संबंध आहे. १९७२ च्या एका जुन्या पाहणीत प्रेडनिसोन रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांमध्ये मानसिक त्रास १.३ टक्के लोकांना झाला होता आणि ८० च्या वर घेणाऱ्यांमध्ये तो १८.४ टक्क्यांवर गेला. डोस कमी करतानाही मन खाली जाऊ शकतं.

फिट्सच्या औषधांत लेव्हेटिरासेटॅमने काही जणांना चिडचिड आणि उदासी येते. दम्यासाठी, अ‍ॅलर्जीसाठी देतात त्या मॉन्टेल्युकास्टवर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये मनावरच्या परिणामांबद्दलचा त्यांचा सर्वात कडक इशारा छापायला लावला. इंटरफेरॉन नावाची प्रतिकारशक्तीवर काम करणारी इंजेक्शनं तर यासाठी कुप्रसिद्धच आहेत, हेपटायटिस सी वर आता गोळ्या आल्यामुळे तिथे त्यांचा वापर खूप कमी झालाय, पण इतर काही आजारांत अजून देतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हार्मोन दाबणारी इंजेक्शनं, बरेच महिने चाललेली कडक पेनकिलर, झोपेच्या गोळ्या, हेही यादीत धरा.

बीपीच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांवर मात्र वर्षानुवर्षं जरा अन्यायच झालाय. त्यांनी डिप्रेशन येतं असं सगळीकडे सांगितलं जायचं, पण २०२१ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा डिप्रेशन वाढल्याचं दिसलं नाही, विचित्र स्वप्नं आणि झोपेचा त्रास मात्र दिसला. तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून हार्टची गोळी फेकू नका प्लीज.

कुठलीच फेकू नका खरं तर. बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं, फिट्सची गोळी सोडली तर फिट येते, बीटा ब्लॉकर अचानक बंद केला तर छातीत दुखणं उसळतं. तारखांचा कागद डॉक्टरसमोर ठेवायचा आणि विचारायचं, "ही सुरू झाल्यापासून असं होतंय, बदलता येईल का, की डोस कमी होईल?"

शरीरातच लपलेली कारणं

काही कारणं रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतात आणि तरी महिनोनमहिने कुणी बघत नाही, कारण सगळ्यांनी "आजाराने खचलाय" असं धरून ठेवलेलं असतं. थायरॉईड कमी असणं, हिमोग्लोबिन कमी असणं, बी-१२ कमी असणं, सोडियम घसरणं. बी-१२ चं मुद्दाम सांगतो, शुगरसाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्याने थकवा, मुंग्या, विसराळूपणा, उदासी असं सगळं येतं जे शुगरच्या नावावर सहज खपून जातं.

मग मेंदूशी थेट संबंध असलेले आजार. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला कधी ना कधी डिप्रेशन येतं. पार्किन्सनमध्ये तर हाताची थरथर सुरू व्हायच्या काही वर्षं आधीच मूड उतरलेला असू शकतो, म्हणजे तिथे डिप्रेशन हे आजाराच्या दुःखाने आलेलं नसून आजाराचंच लक्षण असतं. एमएसमध्येही (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) तसंच काहीसं. अशा घरात "जरा मन घट्ट कर" हे सांगणं किती निरुपयोगी आहे ते कळेल.

आणि सूज. संधिवात, सोरायसिस, आतड्याचे सूज येणारे आजार यांत रक्तात आयएल-६ सारखी सूज वाढवणारी रसायनं जास्त असतात आणि ती मेंदूवरही काम करतात. साधा ताप आला तरी आपल्याला कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं, कुणाशी बोलू नये वाटतं, ते ह्याच यंत्रणेमुळे, फक्त इथे ती महिनोनमहिने चालू राहते. म्हणून आजार भडकला की मूड पडतो आणि आटोक्यात आला की जरा सुधारतो असं तुमच्या कागदावर दिसत असेल, तर मूळ आजाराचे उपचार नीट बसलेत का हे आधी विचारा.

दुखणं आणि झोप

इथे जरा थांबायला हवं, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच अडकलेले असतात आणि सगळ्यात कमी विचारलं जातं ते ह्याबद्दलच.

दुखणं मन खाली आणतं आणि खाली गेलेल्या मनाला तेच दुखणं जास्त जाणवतं, दोन्ही एकमेकांना ओढतात. त्यात माणूस काय करतो, की बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकतो आणि मग पुढचे तीन दिवस पडून राहतो, त्या तीन दिवसांत स्वतःला शिव्या घालतो, आणि पुन्हा बऱ्या दिवसाची वाट बघतो. याच्यावर उपाय म्हणजे बऱ्या दिवशीही मुद्दाम थोडं कमी करायचं आणि वाईट दिवशीही मुद्दाम थोडं करायचं. घड्याळ लावून काम, घड्याळ लावून आराम, "दुखेपर्यंत" नाही. ऐकायला सोपं आहे, करायला भयंकर अवघड, पण जमतं. आणि डॉक्टरला नुसतं "दुखतं" सांगू नका, "दुखण्यामुळे मी काय करू शकत नाही" ते सांगा. डायबेटिसमध्ये पाय जळजळतात त्यासारख्या नसांच्या दुखण्यावर ड्युलॉक्सेटिनसारखी औषधं असतात जी दुखणं आणि डिप्रेशन दोन्हींवर चालतात, पण डॉक्टरला दोन्ही माहीत असेल तरच तो तो विचार करेल ना.

झोपेचं तसंच. ज्यांना निद्रानाश आहे त्यांना पुढे डिप्रेशन होण्याची शक्यता साधारण दुप्पट असते असं बऱ्याच अभ्यासांना एकत्र करून दिसलंय, म्हणजे झोप हे नुसतं लक्षण नाही, कारणही आहे. आता जुन्या आजारात झोप मोडते कशाने हे शोधायचं, आणि हे शोधणं खरंच जमण्यासारखं आहे. एक आठवडाभर रात्री जाग आली की सकाळी एकच शब्द लिहा, कशाने आली. लघवीला उठावं लागतंय? मग शुगर, प्रोस्टेट, किंवा पाणी काढणारी गोळी संध्याकाळी घेताय का ते बघा, ती वेळ बऱ्याचदा सकाळची करता येते. स्टिरॉइड रात्री घेताय? तेही बहुतेकदा सकाळी घेता येतं, डॉक्टरला विचारून. अंग खाजतंय? किडनी-लिव्हरच्या आजारात होतं आणि त्यावर औषध आहे. पाय शांत ठेवताच येत नाहीत, हलवल्याशिवाय राहवत नाही? लोह कमी असेल, डायलिसिसवाल्यांमध्ये तर हे खूप असतं. आडवं झालं की दम लागतो? हे मात्र लवकर दाखवा, हार्टचं असू शकतं. जोरात घोरता, मध्येच श्वास अडकतो असं घरचे सांगतात, आणि दिवसभर पेंगता? स्लीप अ‍ॅप्निया तपासून घ्या. वजन जास्त, शुगर, बीपी असलेल्यांमध्ये तो बराच सापडतो आणि त्याची दिवसाची अवस्था डिप्रेशनसारखीच दिसते.

यातलं काहीच नसेल आणि नुसतीच झोप लागत नसेल, तर झोपेसाठीची सीबीटी-आय नावाची थेरपी असते, त्यात झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायला शिकवतात, ती झोपेच्या गोळ्यांच्या आधी करून बघावी असंच आता सांगतात.

आजाराने नेमकं काय हिरावलं

रिपोर्ट किती वाईट आहेत यापेक्षा आजारामुळे रोजच्या जगण्यातलं काय बंद पडलं याचा डिप्रेशनशी जास्त जवळचा संबंध असतो. म्हणून दोन माणसांचे रिपोर्ट सारखे असूनही एक उभा असतो आणि एक कोसळलेला. कुणाचं चालणं गेलं, कुणाची गाडी चालवणं, कुणाचं कमावणं, कुणाचं मूल उचलून घेणं. त्यात एकापेक्षा जास्त आजार असले, किंवा कधी भडकेल याचा नेम नसलेला आजार असला, जसं फिट्स किंवा एमएस, तर आपल्या हातात काहीच नाही ही भावना घट्ट बसते. नवीन निदान, नवीन कॉम्प्लिकेशन, डायलिसिस सुरू होणं, आजार उलटणं, ह्या वेळा जास्त जपायच्या.

बंद पडलेल्या गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: खरंच अशक्य, वेगळ्या पद्धतीने शक्य, की नुसतीच सुटली. तिसऱ्या रकान्यात बरंच काही निघतं. त्यातली एक, आणि एकच, छोटी करून या आठवड्यात दिवस-वेळ ठरवून करा, मूड असो वा नसो. मूड येईल मग करू म्हटलं तर तो येत नाही, करायला लागल्यावर मागून येतो. थेरपीत ह्याला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात.

लोकांच्या नजरेचं ओझं वेगळंच असतं. एचआयव्ही, फिट्स, त्वचेवर दिसणारे आजार, यांत माणूस आजारापेक्षा लपवण्यानेच दमतो. आणि न दिसणाऱ्या आजारांत उलटं, "दिसतेस तर ठणठणीत" हे ऐकून ऐकून स्वतःवरचाच विश्वास उडतो.

आधीचं सामान, माणसं, पैसा

पूर्वी कधी डिप्रेशन येऊन गेलं असेल तर पुन्हा यायची शक्यता बरीच जास्त, हे डॉक्टरला न विचारता सांगा. घरात कुणाला असणं, लहानपणी मार-अत्याचार-ओढाताण सोसलेली असणं, दारू, हेही मोजलं जातं. बायकांमध्ये डिप्रेशन पुरुषांपेक्षा साधारण दुप्पट आढळतं. पण पुरुष उदास म्हणून येतच नाहीत, चिडके म्हणून किंवा पिणारे म्हणून येतात, त्यामुळे त्यांचं निसटतं. आणि वयाचं, लोकांना वाटतं म्हातारपणी जास्त, पण हार्ट, कॅन्सर अशा आजारांत बऱ्याचदा तरुण पेशंटच जास्त खचतात, कारण त्यांचं सगळं ठरवलेलं मोडतं.

आधार किती माणसांचा आहे यापेक्षा कसला आहे ते बघा. घर माणसांनी भरलेलं असूनही एकटं वाटू शकतं. काही घरांत पेशंटला काही करूच देत नाहीत, "तू बस, आम्ही आहोत ना", आणि माणूस आतून निकामी होत जातो. प्रेमानेच करतात ते, पण एखादं काम त्याचं त्याला ठेवा.

पैशाबद्दल कुणी दवाखान्यात बोलत नाही, लाज वाटते. पण औषधं परवडत नाहीत म्हणून दिवसाआड घेणं, त्याने आजार वाढणं आणि त्याने मन खचणं ही साखळी खरी आहे. स्वस्त पर्याय आहे का, एखादी तपासणी पुढे ढकलता येईल का, मदतीची योजना आहे का हे विचारायला मेडिकल सोशल वर्कर असतो, असेल तिथे त्याला जरूर गाठा.

उलटी साखळी

डिप्रेशनमध्ये गोळ्या चुकतात, व्यायाम सुटतो, फॉलोअप टळतो. २००० साली छापलेल्या एका विश्लेषणात डिप्रेशन असलेले पेशंट उपचार न पाळण्याची शक्यता बाकीच्यांच्या तिप्पट निघाली. म्हणजे शुगर वाढली म्हणून डॉक्टर ओरडतो, त्याने अपराधी वाटतं, त्याने अजून सुटतं. हे आळशीपणाचं प्रकरण नाहीये. मग सुरुवात कुठून करायची, मन की शुगर? अमेरिकेत २०१० मध्ये २१४ पेशंटवर झालेल्या टीमकेअर नावाच्या चाचणीत दोन्हींवर एकत्र काम केलं, एक नर्स डॉक्टरांच्या देखरेखीखाली डिप्रेशन, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळ्याचाच पाठपुरावा करायची, आणि वर्षभरात सगळंच सुधारलं. तुमच्याकडे तशी नर्स नसेल, पण निदान तुमच्या दोन डॉक्टरांना एकमेकांनी काय लिहून दिलंय ते माहीत असू द्या, दोन्ही चिठ्ठ्या दोन्हीकडे न्या.

डॉक्टरला काय सांगायचं

दारातून निघताना "आणि हो, जरा मूड नसतो" असं सांगू नका, तोपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो. बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच: "आज मला रिपोर्टच्या आधी मनाबद्दल बोलायचंय, दोन महिने झाले, कशातच रस राहिला नाही, गोळ्याही चुकतात." मग तारखांचा कागद, प्रश्नावलीचे मार्क, झोपेची यादी. थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम कधी तपासलं होतं ते विचारा. "वयानुसार होतं", "आजारात चालायचंच" असं उत्तर मिळालं तर शांतपणे विचारा, "ठीक आहे, पण मला सायकिअ‍ॅट्रिस्टकडे किंवा काउन्सेलरकडे पाठवाल का?" तरी नाही म्हणाले तर स्वतः जा.

सौम्य त्रासात नुसती थेरपी आणि झेपेल तेवढा व्यायामही पुरू शकतो. गोळी सुरू करायची ठरली तर आपले सगळे आजार आणि सगळी औषधं समोर ठेवायची, कारण इथे फरक पडतो. हार्ट अटॅक नुकताच येऊन गेला असेल तर अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या टाळतात, सर्ट्रालिन हार्टच्या पेशंटमध्ये तपासलं गेलंय आणि सुरक्षित दिसलंय. सिटालोप्रॅम, एस्सिटालोप्रॅम देताना ईसीजीचा विचार करतात. अ‍ॅस्पिरिन, पेनकिलर किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर सर्ट्रालिन, सिटालोप्रॅमच्या गटातल्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. वय जास्त आणि पाणी काढणारी गोळी चालू असेल तर सोडियम बघत राहायचं. मिर्टाझॅपिनने भूक आणि वजन वाढतं, जे खंगलेल्याला चांगलं आणि डायबेटिसवाल्याला नको असतं. किडनी-लिव्हरचा आजार असेल तर डोस बदलतो. आणि सेंट जॉन्स वर्ट नावाची झाडपाल्याची गोळी "नॅचरल आहे" म्हणून परस्पर घेऊ नका, ती एचआयव्हीच्या औषधांचा, रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा, ट्रान्सप्लांटनंतरच्या सायक्लोस्पोरिनचा असर कमी करते.

सुरू झाल्यावर

पहिले एक-दोन आठवडे मळमळ, अस्वस्थपणा होतो आणि फायदा काहीच दिसत नाही, नेमकं तेव्हाच लोक सोडतात. फरक साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसायला लागतो, नीट अंदाज चार ते सहा आठवड्यांनी येतो. अस्वस्थपणा फारच वाढला किंवा मरणाचे विचार वाढले तर मात्र थांबू नका, लगेच फोन करा. तीच पीएचक्यू-९ प्रश्नावली दर दोन-तीन आठवड्यांनी भरा आणि मार्क तारखेसकट त्याच कागदावर लिहा. मार्क निम्म्यावर आले तर औषध लागू पडतंय, ५ च्या खाली आले तर डिप्रेशन जवळपास गेलंय असं समजतात. सहा आठवड्यांनी ढिम्म हललं नसेल तर डोस किंवा गोळी बदलायची वेळ झालीय, "आपल्याला गोळ्या लागूच पडत नाहीत" असं ठरवायची नाही. आणि बरं वाटलं की लगेच बंद करायची नाही, बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने चालू ठेवतात, पूर्वी डिप्रेशन येऊन गेलं असेल तर त्याहून जास्त, आणि बंद करतानाही डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करत.